कापलेला परिच्छेद

नंदाताई गेल्या हे मला फरीदाबादच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. पाण्याचा टँकर अकराला येईल, या निरोपाच्या खाली. मग हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. त्यांनी ती पाहिली असती तर विचारलं असतं, "यातल्या कितीजणांनी मला लिफ्टमध्ये ओळखलं असतं रे?" त्याला आता दोन महिने होतील...

आमची ओळख दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी अतिथिगृहात, दिवाळी फराळाला झाली. एक मोठे पाहुणे कर्करोगावरच्या क्रांतिकारी शोधाबद्दल बोलत होते. भाषण मी लिहिलेलं. सरकारी प्रसिद्धिपत्रकं लिहिण्यातच माझी सगळी नोकरी सरली. मागून एका बाईंनी शांतपणे विचारलं, "कशात?" पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चकलीकडे. शेवटी मीच पुटपुटलो, "उंदरात." बाई जन्मभर प्रयोगशाळेत पेशी वाढवत आलेल्या. परतताना कळलं, आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहतात.

दर रविवारी त्या वर्तमानपत्रातल्या संशोधनाच्या बातम्या कापून फाइलला लावत आणि प्रत्येकीखाली पेन्सिलीने एखादा शब्द लिहीत. अडथळ्याशिवाय वीज वाहून नेणाऱ्या नव्या धातूखाली 'प्रचंड थंडीत'. हवेतला कार्बन शोषणाऱ्या पदार्थाखाली 'चमचाभर'. औषधांखाली बहुतेकदा 'उंदरात'.

"ताई, तुम्ही कशानेच खूश होत नाही," मी एकदा म्हणालो.

"अरे, मी खूशच आहे. चमचाभर म्हणजे कुणाची तरी दहा वर्षं असतात. तुम्ही लोक त्याचा हंडा करता, यार."

मग त्यांच्याच स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरांनी उपचार थांबवले त्याच आठवड्यात, त्याच आजारावरच्या नव्या औषधाची बातमी आली. मी आधी शेवटचा परिच्छेद वाचला. प्रयोग अजून उंदरांवरच होते. मी कात्री घेतली आणि तो परिच्छेद कापून टाकला. नोकरीत दुसरं काय केलं होतं?

त्यांनी कात्रण वाचलं. खालच्या कडेवरून बोट फिरवलं.

"वाकडी चालते तुझी कात्री."

"जुनी आहे."

"बिल्कुल," त्या म्हणाल्या. मग फाइल जवळ ओढत, "छान आहे. ठेवते." मला वाटलं, जमलं. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी त्यांनी अर्धा कप चहा घेतला.

तेराव्यानंतर त्यांच्या पुतणीने फाइल मला आणून दिली. शेवटचं कात्रण माझंच आहे. त्याखाली गायब परिच्छेद चिकटवलेला, वाकड्या कडेला कड नेमकी जुळवून. तेच वर्तमानपत्र त्यांच्याकडेही येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या परिच्छेदाखाली मात्र काही लिहिलेलं नाही. अख्ख्या फाइलीत तेवढं एकच कात्रण कोरं. पेन्सिल फाइलीच्या दोरीलाच बांधलेली आहे. रविवारी मी फाइल उघडतो. तिथे कुठला शब्द येतो, ते मला माहीत आहे... तो अजून लिहिलेला नाही.