ओसाकाला न गेलेला मोतद्दार

नागोयाच्या पोस्टिंगवर मी एकटाच होतो, बायको-मुलं पुण्यात. रविवारी सकाळी सायकल काढून रेसकोर्सच्या तबेल्यांमागच्या नदीच्या बांधावर जायचो. तिथे एक म्हातारा मोतद्दार तपकिरी घोडीला फिरवायला आणायचा. मला बघून तो नुसता मान झुकवायचा. घोडीशी मात्र त्याचं अखंड बोलणं चालू असायचं.

एकदा तो आपणहून थांबला. म्हणाला, "मालक सगळे घोडे विकतायत. ओसाकात कॅसिनो होतोय ना, तिथे हॉटेल काढणार आहेत."

"मग तुम्ही?" मी माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं.

"हॉटेलात काम देतो म्हणालेत." घोडीच्या मानेवरचा घाम तो तळहाताने पुसत राहिला. "पण माझी चाहूल लागल्यावर तिथे कोण खिंकाळणार?"

माझ्या फ्लॅटचं दार उघडल्यावरही आत शांतताच असायची.

पुढच्या महिन्यात तबेल्याला कुलूप दिसलं. म्हातारा मात्र बांधावर होता. वाटेच्या अगदी कडेने, संथ चालत होता, शेजारी घोडीपुरती जागा मोकळी सोडून. मी सायकलवरून उतरलो आणि ती जागा न अडवता त्याच्या मागून चालू लागलो.