कम्फर्ट स्टॉप नसलेली टूर

"काकू आता पुढे येणार नाहीत," मी म्हटलं.

"हे कोण ठरवणार? तू?" निनादने विचारलं.

"हो. मीच."

आम्ही क्विटोच्या मुख्य चौकात उभे होतो. क्विटो ही इक्वेडोरची राजधानी. दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या शहरांपैकी एक, चारी बाजूंनी डोंगर, आणि उंची महाबळेश्वरच्या दुप्पट. चौकाच्या कडेला दगडी पायऱ्या होत्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर निनादची आई, कुसुमकाकू, पदर डोळ्यांवर ओढून बसल्या होत्या. साडी, वर स्वेटर, पायात मुलाने घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. निनादच्या हातात फोन, फोनवर आमची आयटिनररी.

"अजून टेकडी आहे. मग लंच, मग इक्वेटर. दोन मिनिटं बसू दे तिला, येईल."

"त्यांना उभं राहता येत नाहीये."

"जेट लॅग आहे. तू काय डॉक्टर आहेस का?"

नाही. मी टूर मॅनेजर आहे. माझे वडील बार्शीला टेम्पो चालवायचे आणि आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. सिडनीच्या युनिव्हर्सिटीत टुरिझमची डिग्री केली, तीही दुकानात शिफ्ट करत करत. डिप्लोमा नाही, डिग्री. हे मुद्दाम सांगते, कारण प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, "डिप्लोमा ना?" निनादने एअरपोर्टवरच विचारलं होतं. तो मूळचा पुण्याचा, आता सिडनीत गिरावीनला राहतो, आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर. आई तीन महिन्यांसाठी आलेली, तर तिलाही जग दाखवावं म्हणून त्याने दोघांचं बुकिंग केलं. हेतू चांगला होता. तेवढं श्रेय मी त्याला देते.

टूर मॅनेजर म्हणजे काय, हे लोकांना नीट माहीत नसतं. शहर दाखवायला तिथला लोकल गाइड असतो. टूर मॅनेजर ग्रुपबरोबर सिडनीहून निघतो आणि सगळ्यांना घेऊन सिडनीला परत येतो. गाइडने चर्चकडे बघायचं, मी माणसांकडे.

आता ही टूर बनली कशी ते सांगते, कारण राग तिथूनच सुरू होतो.

आमचं ऑफिस सिडनीत, पेंडल हिल स्टेशनजवळ, साड्यांच्या दुकानाच्या वर. बॉस हेमंत, मुलुंडचा. इथे बॉसला तू म्हणतात, त्यामुळे भांडायला सोपं जातं. त्याने 'क्विटो इन अ डे' नावाचा दिवस आखला होता. रात्री उतरायचं, सकाळी थेट जुन्या शहरात तीन-चार तास चालायचं, मग टेकडी, मग उशिरा लंच, मग विषुववृत्ताची रेषा.

"पहिला दिवस मोकळा ठेव," मी म्हटलं. "इतक्या उंचीवर हवेत ऑक्सिजन कमी मिळतो. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. अर्धा ग्रुप साठीच्या पुढचा आहे."

"मोकळा दिवस कोण विकत घेतं? लोक म्हणतील, इतक्या लांब झोपायला आलो का?"

"बरं. कम्फर्ट स्टॉप कुठे आहेत?"

कम्फर्ट स्टॉप म्हणजे टॉयलेटला थांबणं. धंद्यातला शब्द आहे. अर्थ इतका साधा, पण उघड लिहायची सगळ्यांना लाज.

"लंचला आहे की."

"हेमंत, ते दुपारी आहे! सकाळपासून चालणार आहेत ते."

"अगं, सोळा जण. एकेका स्टॉपला अर्धा तास जातो. मग टेकडी कापावी लागेल, आणि टेकडीचा फोटो कव्हरवर आहे. अॅडल्ट्स आहेत यार, ज्याला जायचंय तो विचारेल. टेन्शन मत ले. नो वरीज."

ज्याला जायचंय तो विचारेल! हे वाक्य फक्त पुरुषच बोलू शकतो, आणि तोही चाळिशीच्या आतला.

आम्ही निघालो तो मंगळवार होता, अंगारकी चतुर्थी. काकूंचा कडक उपास. सिडनीहून दुपारी सुटलेलं विमान सांतियागोला त्याच दिवशी सकाळी उतरतं, कारण मध्ये तारखेची रेषा ओलांडावी लागते. घड्याळ मागे जातं. म्हणजे मंगळवार उजाडला की संपतच नाही.

"गणपतीला पण कळेना झालंय मला कधी सोडावं," काकू म्हणाल्या. सगळे हसले. निनाद सगळ्यांना अभिमानाने सांगत होता, "आई सॉलिड स्ट्राँग आहे. पाणीसुद्धा घेत नाहीये."

रात्री क्विटोच्या हॉटेलात पोहोचलो. लॉबीच्या काचेतून ढगांमागे चंद्राचा तुकडा दिसला. काकूंनी हात जोडले आणि पिशवीतून राजगिऱ्याचे दोन लाडू काढून माझ्यासमोर खाल्ले. एक मलाही देत होत्या. पाण्याचा ग्लास मी पुढे केला तर म्हणाल्या, "खोलीत जाऊन घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकल गाइड लुसिया आली. चाळिशीची, खणखणीत आवाजाची. तिने सोन्याने मढवलेलं चर्च दाखवलं. भिंती, खांब, छत, सगळं झळाळतं. काकू मान वर करून बघत होत्या.

"आमच्याकडे सोनं देवाच्या अंगावर घालतात. ह्यांनी भिंतीला लावलंय. सोनार केवढा खूश झाला असेल!"

मी हे लुसियाला इंग्रजीत सांगितलं. ती खळखळून हसली. त्यानंतर काकू काही बोलल्या नाहीत. गल्ल्या चढाच्या होत्या. काकू मागे पडायला लागल्या. निनाद पुढून हाक मारायचा, "आई, चल गं!" चौकात आल्यावर लुसियाने राष्ट्रपतींचा वाडा दाखवला, आणि सगळ्यांनी फोन वर केले तेव्हा काकू त्या पायरीवर बसल्या. बसल्या म्हणजे पाय दुमडले त्यांचे.

मी बाटली उघडून त्यांच्या तोंडाशी नेली.

"नको गं. उपास आहे."

"कसला उपास, काकू? अंगारकी काल झाली. लाडू माझ्यासमोर खाल्लेत तुम्ही."

त्यांनी पदर जरा वर केला. ओठ कोरडे पडलेले, कडेला निळसर. त्यांनी आधी निनाद किती लांब आहे ते पाहिलं.

"इथे जायची सोय कुठे आहे गं?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "कुणी सांगितलंच नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं."

"मग मला विचारायचं ना!"

"सांतियागोच्या विमानतळावर तीनदा गेले. तिसऱ्यांदा निनाद म्हणाला, आई, आता परत? सगळे थांबलेत. खरंच थांबले होते गं सगळे. म्हटलं, त्यापेक्षा न प्यायलेलं बरं. उपास म्हटलं की कुणी आग्रह करत नाही."

माझं डोकं असं सणकलं की त्या उंचीवर मलाच धाप लागली. इतक्या लांब, इतक्या कौतुकाने आणलेली आई, आणि ती उपासाच्या आड लपून तहानलेली. का? तर ग्रुपला उशीर होऊ नये.

माझ्या बॅगेत ऑक्सिमीटर असतो. बोटाला चिमट्यासारखा लावला की रक्तात ऑक्सिजन किती ते कळतं. क्विटोत नव्याने आलेल्या धडधाकट माणसाचा आकडा नव्वदच्या आसपास येतो. काकूंचा अठ्ठ्याहत्तर आला. दुसऱ्या बोटाला लावला. तेवढाच. त्यांना विचारलं, आज वार कोणता. म्हणाल्या, मंगळवार.

लुसियाने आकडा पाहिला आणि एवढंच म्हणाली, "क्लिनिक. आत्ता."

आणि मग ते झालं, जे सुरुवातीला सांगितलं. निनादने आयटिनररी दाखवली. मी डॉक्टर आहे का विचारलं. मी ऐकत नाही म्हटल्यावर त्याने थेट हेमंतला फोन लावला. सिडनीत मध्यरात्र उलटून गेली होती. तो दोन मिनिटं बोलला आणि फोन माझ्या हातात दिला.

"अगं, त्याला दुखवू नकोस," हेमंत झोपेत म्हणाला. "त्याच्या ऑफिसमधली अजून चार कुटुंबं आपल्या पेरूच्या टूरला यायची आहेत. आईला बसमध्ये झोपव. टेकडी करून घे, मग बघ क्लिनिकचं."

"टेकडी आणखी उंच आहे, हेमंत. कळतंय का तुला? माणसाला खाली न्यायचं असतं, वर नाही."

"ड्रामा नको, प्लीज. तू ग्रुप सोडून जाऊ शकत नाहीस."

"ग्रुप लुसियाबरोबर आहे. मी काकूंबरोबर आहे. गुड नाइट."

फोन निनादला परत दिला. "टॅक्सी बोलावतेय. तू येतोयस की टेकडीवर चाललायस?"

तो आला. नाही असं नाही. पण टॅक्सीत पूर्ण वेळ फोनवर नकाशा बघत होता. काकूंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी त्यांना घोट घोट पाणी पाजत होते. त्यांनी एकदा उलटी केली, माझ्या जॅकेटवर, आणि "सॉरी हं" म्हणाल्या. इंग्रजीत!

क्लिनिकमध्ये ऑक्सिजन लावला, सलाइन लावलं. तरुण डॉक्टर होती, इंग्रजी बरं होतं तिचं. शरीरात पाणी नाही आणि वर ही उंची, असं तिने सांगितलं. आणखी काही तास चालवलं असतं, वर चढवलं असतं, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी होऊ शकलं असतं. मग आमच्या हातात काही उरलं नसतं, असं ती म्हणाली.

निनादने मान हलवली. मग विचारलं, "कॅन शी डू द इक्वेटर अॅट थ्री?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागली. माझा तोल गेला.

"निनाद, तुझी आई कालपासून पाणी प्यायलेली नाही. तुझ्यामुळे."

"उपासामुळे."

"उपास काल रात्री सुटला. सांतियागोला तू 'आता परत?' म्हणालास, त्यामुळे. तिला टॉयलेटला जायची भीती वाटतेय, तुझ्या तोंडाची."

"अगं, त्याला नको बोलूस," काकू मास्कच्या आतून म्हणाल्या. "दमलाय तो."

"काकू, तुम्ही गप्प बसा!"

आईच्या वयाच्या बाईला मी असं बोलले. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

निनादचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. फोन त्याने खिशात घातला. बराच वेळ सलाइन थेंब थेंब पडत राहिलं. दुपारी काकू हळूच म्हणाल्या, "मला जायचंय." म्हणाल्या माझ्याकडे बघून, त्याच्याकडे नाही. मी उठायच्या आत तो उठला. एका हाताने त्यांचा दंड धरला, दुसऱ्या हाताने सलाइनचा स्टँड ढकलत दारापर्यंत नेलं. नर्सने आत घेतलं. तो बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. काकूंना वेळ लागला. तो घड्याळाकडे बघत नव्हता.

संध्याकाळी आकडा सुधारला. दोन दिवस त्या दोघांना मी खालच्या दरीतल्या गावात ठेवलं, मग ते ग्रुपमध्ये परत आले. काकूंनी क्विटो पाहिलं ते एवढंच, एक चर्च आणि एक पायरी.

सिडनीला परत आल्यावर हेमंतने मला समोर बसवलं. ग्रुपमधल्या वेस्टमीडच्या एका जोडप्याने तक्रार केली होती की टूर मॅनेजर अर्धा दिवस गायब होती.

"एक अपॉलॉजी मेल टाक. विषय संपव."

"कशाची अपॉलॉजी? बाई जिवंत आणली त्याची?"

"तू पर्सनल घेतेयस."

"घेतेय. मेल तुला लिहायचा तर तुझ्या नावाने लिही. आणि पुढच्या टूरमध्ये पहिला दिवस मोकळा नसेल, कम्फर्ट स्टॉप वेळेसकट छापलेले नसतील, तर मी जाणार नाही. का जात नाही हे विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. पेंडल हिल छोटं आहे, हेमंत. आपले लोक एकाच दुकानात कोथिंबीर घेतात."

तो चिडला. दुसरा टूर मॅनेजर शोधतो म्हणाला. शोधलाही. त्याला स्पॅनिशमध्ये टॉयलेट कुठे आहे एवढंही विचारता येत नव्हतं. महिन्याभराने नवीन ब्रोशर छापून आलं. 'रिलॅक्स्ड क्विटो, खास आपल्या आईबाबांसाठी.' पहिला दिवस विश्रांती, दुसऱ्या दिवशी तीन कम्फर्ट स्टॉप. खाली हेमंतचा हसरा फोटो आणि लिहिलेलं की ही त्यांची स्वतःची कल्पना. टूर मी घेतली.

निनादने आभार मानले नाहीत आणि तक्रारही केली नाही. काकू मात्र भाजीच्या दुकानात भेटल्या. टवटवीत दिसत होत्या.

"पुण्याहून सगळ्या विचारतात, क्विटो कसं आहे," त्या म्हणाल्या. "मी सांगते, दवाखान्यात पडल्या पडल्या दिसलं तेवढं. छत पांढरं आहे आणि पंखा नाही."

या धंद्यात नवीन येणारी मुलं मला विचारतात, चांगली टूर कशी करायची. मी त्यांना सांगते, चर्च कोणत्या शतकातलं ते नंतर सांगा. आधी टॉयलेट कुठे आहे ते सांगा. मोठ्याने सांगा, सगळ्यांना एकदम सांगा, म्हणजे कुणाला विचारावं लागणार नाही.