झेलिका मावशीचा उजवा हात

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या शिपागन गावात, होड्यांच्या धक्क्यामागे झेलिका मालेचं केस कापायचं दुकान आहे. गाव तिला मावशी म्हणतं. खेकड्यांच्या होडीवरून उतरलेला माणूस आधी तिच्या खुर्चीत बसतो, मग घरी जातो. तिच्या स्वतःच्या तांबूस केसांचा असा डोलारा असायचा, की चर्चमध्ये मागच्या बाकावरच्यांना पाद्री दिसत नसे.

साठी उलटली आणि तिचे हात थरथरू लागले. आधी कॉफी बशीत सांडायची, मग वस्तरा गालाजवळ येऊन नाचायला लागला. एकदा माझ्या कानाच्या पाळीला प्रसाद मिळाला.

"मावशी, कान राहू दे. बायकोचं ऐकायला लागतो."

"म्हणूनच कापत होते. उपकार मान!"

हसली खरी, पण त्या दिवशी वस्तरा पुसून खणात ठेवला तो ठेवलाच. डॉक्टर म्हणाले, हा नुसता कंप आहे, जिवाला धोका नाही. त्यांच्या गोळ्यांनी गिऱ्हाइकाआधी तीच डुलक्या घ्यायला लागली.

मग कळलं, टोरोंटोला एका इस्पितळात कंपावरचा नवा उपाय तपासून बघतायत. मावशी आणि तिचा नवरा युक्लीद तिकडे गेले. तिथल्या डॉक्टर नूरानींनी समजावलं, "मेंदूत खोलवर एका जागी चुकीचा ठेका धरला गेलाय. कवटी न उघडता, बाहेरून ध्वनिलहरी त्या एका ठिपक्यावर एकवटायच्या आणि तो तापवून बंद करायचा. सध्या आम्ही एकाच हातासाठी करतो."

"आधी कुणावर केलंत?"

"डुकरांवर. मग माणसांवर."

"डुकरांची काही तक्रार?"

"नाही. फक्त डोकं पूर्ण भादरावं लागेल."

"मेंदूचं काय करायचं ते करा, केसांना हात लावायचा नाही!" मावशी कडाडली आणि तडक घरी आली.

पण ईस्टरला नातीला घास भरवताना चमचा तिच्या गालावर आपटला. पोर रडली नाही, नुसती मागे सरकली. दुसऱ्या दिवशी मावशीने स्वयंपाकघरात खुर्ची मांडली आणि युक्लीदच्या हातात केस भादरायचं मशीन दिलं.

"अरे हळू! कॉड मासा सोलतोयस का?"

"कॉड गप्प तरी बसतो."

आरशात बघून ती म्हणाली, "डोकं इतकं वाकडं आहे हे लग्नाआधी सांगायचंस ना!"

"तेव्हा दिसलं होतं कुठे?"

टोरोंटोच्या इस्पितळात तिचं डोकं चौकटीत घट्ट बसवलं, भोवती गार पाणी खेळवलं. ती पूर्ण जागी. थोड्या लहरी सोडायच्या, तिला यंत्रातून बाहेर काढायचं आणि कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी रेघ काढायला सांगायची. पहिली रेघ वादळातल्या शेवाळासारखी. मग जरा बरी. शेवटची गुळगुळीत. मावशी कागदाकडे बघत राहिली, डोळ्यांतून पाणी.

"दुखतंय का?" नूरानी घाबरल्या.

"नाही हो. इथून सुटले की मला कॉफी द्या. काठोकाठ."

नंतर काही आठवडे ती होडीत असल्यासारखी डोलत चालायची, ओठांना मुंग्या यायच्या. डोलणं गेलं, मुंग्या थोड्या राहिल्या. डावा हात अजून थरथरतो.

दुकान उघडलं तेव्हा दाढीला पुढे कोण येणार? आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत होतो. युक्लीद पुढे होऊन खुर्चीत बसला, डोळे मिटून प्रार्थना पुटपुटायला लागला.

"ओठ हलवू नकोस, मिशी जाईल," मावशी म्हणाली. वस्तरा गळ्यावरून सरळ रेषेत खाली आला. शेवटी युक्लीदने गालावरून हात फिरवला.

"बरी झालीय," तो म्हणाला, आणि रुमालात नाक शिंकरत बाहेर गेला.

आता आसपासच्या गावांतून हात थरथरणारी माणसं तिच्याकडे येतात. ती त्यांना डोलण्यापासून मुंग्यांपर्यंत सगळं सांगते, काही लपवत नाही. आणि केस वाढले असतील तर कापल्याशिवाय सोडत नाही.