शन-पी-चुंग चालू आहे

चिनी कंपनीच्या दोहा ऑफिसात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. सकाळी नोटीस लागते, दुपारपर्यंत किस्सा तयार!

*

परवाचीच नोटीस. चिनी अक्षरांवर मोबाईल धरला, तर अ‍ॅप म्हणालं, "संबंधितांनी स्वेच्छेने हजर राहणे सक्तीचे आहे."

संबंधित म्हणजे कोण? कोणालाच कळेना. मग आम्ही सगळेच गेलो. नोटीस निघाली एसी सफाईची. साफ करायला आलेले दोघे आमच्या गर्दीकडे बघतच राहिले!

*

ऑफिसचे शिक्के मिस लिनकडे. एकदा तिने माझ्या कॉन्ट्रॅक्टची पानं पंख्यासारखी पसरली आणि कडांवर मिळून एकच शिक्का हाणला. प्रत्येक पानावर शिक्क्याचा नुसता लाल तुकडा!

शिक्का फसला असं समजून मी सगळं फाडलं आणि नवीन प्रिंट घेऊन गेलो. लिनने डोक्याला हात लावला. "मधलं पान कोणी बदलू नये म्हणूनच तसा मारतात!"

*

रजेचा अर्ज टाकला की सिस्टीमवर येतं, 'शन-पी-चुंग'. म्हणजे मंजुरीसाठी तपासणी चालू. कोण तपासतंय, कधीपर्यंत, देव जाणे.

घरी मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क देम!"

"विचारलं गं. त्यांनी बसवून गरम पाणी पाजलं."

*

आमच्या स्टोअरचे सलीमभाई रत्नागिरीचे. मुलीचा निकाह तोंडावर आला आणि यांचं आपलं शन-पी-चुंग! शेवटी अर्जाचा कागद परत आला. खाली तीन साहेबांची छापील नावं आणि प्रत्येक नावाभोवती पेनाने काढलेला मोठा गोल. सही नाही, शेरा नाही.

"शाळेतसुद्धा एकदम तीन भोपळे मिळाले नव्हते," सलीमभाई म्हणाले. हसायला गेले, पण डोळे भरून आले. त्यांनी घरी फोन लावला, "माझी वाट बघू नका. निकाह उरकून घ्या." आम्हाला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात लिन आली. कागद बघून म्हणाली, "अजून इथेच? साहेब आपल्या नावाला गोल करतात, म्हणजे पाहिलं, हरकत नाही. खलास! तिकीट काढा!"

सलीमभाईंनी पुन्हा फोन लावला आणि स्पीकरवरच ओरडले, "अगं, तिन्ही साहेबांनी भोपळा दिला! येतोय मी!"

 पलीकडून भाभींचा रडवेला आवाज आला, "अवो, म्हणून काय नोकरी सोडून येताव?"