बोर्डावरच्या बाई

बाईंसमोर कुणी मोठा शब्द वापरला की त्या चष्मा काढत. चष्मा टेबलावर ठेवला गेला की बोर्डरूममधल्या सगळ्यांना कळे, आता प्रश्न येणार. प्रश्नही ठरलेला. "म्हणजे काय?" आवाजात टोमणा नसे, खरोखर न कळलेल्या माणसाचा तो आवाज असे. समोरचा माणूस तोच शब्द जरा जोरात म्हणून दाखवी. बाई पुन्हा विचारत, "हो, पण म्हणजे काय?" एव्हाना त्याला घाम फुटलेला असे, आणि आपल्यालाही त्याचा अर्थ माहीत नाही हे पुष्कळदा त्याच्याच लक्षात येई.

मी त्या कंपनीची सेक्रेटरी. म्हणजे (बाईंनी विचारलंच असतं म्हणून सांगते) संचालक मंडळाच्या बैठका बोलावणं, कायद्याचं बघणं आणि कोण काय बोललं ते लिहून काढणं हे माझं काम. माहेर आटपाडीचं, नोकरी मिरजेजवळच्या औद्योगिक वसाहतीत. शीतगृहांवर पहारा ठेवणारी यंत्रं आम्ही बनवतो. आतला गारवा कमी व्हायला लागला की यंत्र मालकाला फोन करतं. आमचे चेअरमन म्हणजे दादा, सांगलीतले जैन व्यापारी, हळदीच्या पेठेतून यंत्रांच्या धंद्यात आलेले. एमडी बिरूसर, म्हसवडकडच्या मेंढपाळ घरातले पहिले इंजिनिअर. मुंबईहून गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी येत, त्यांना आम्ही पाठीमागे 'पाहुणे' म्हणायचो. आणि साताऱ्याहून येत त्या बाई. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. बिरूसर त्यांचे विद्यार्थी, त्यांनीच गळ घालून बाईंना मंडळावर आणलं होतं.

साधेपणाचं बाईंना बिलकूल कौतुक नव्हतं. पहिल्या बैठकीआधीच त्यांनी मला फोनवर बजावलं, "गाडी पाठवा, आणि ड्रायव्हर गाणी न म्हणणारा पाठवा." चहा पातळ आला तर कप तसाच परत जाई. दादा दिवस मावळायच्या आत जेवत, म्हणून आमच्या बैठका उन्हं असतानाच उरकायच्या. बाईंनी त्याचंही हत्यार केलं. कुणाचं सादरीकरण लांबलं की म्हणत, "दादांना उपाशी ठेवणार आहात का?" आणि तो बिचारा पानांमागून पानं गाळत शेवटावर येई.

भर बैठकीत त्या एमडींना 'बिरू' म्हणत. पाहुण्यांना ते खटके. एकदा त्यांनी सुचवून पाहिलं, "मॅडम, ते एमडी आहेत." बाई म्हणाल्या, "आहे ना. मीच पास केलाय त्याला. दुसऱ्या खेपेला." बिरूसर लाजून हसले. बैठक संपल्यावर मात्र त्याच बाई जिन्यात थांबून त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत. औषधं घेत नाही म्हटल्यावर, "मला फोन लावून दे तिला," असं म्हणून त्या माउलीलाही जिन्यातूनच झापत.

मोजमापाच्या बाबतीत बाई हट्टी होत्या. मंडळाची चाचणी समिती त्यांच्याकडे होती. कारखान्यातल्या चाचणीच्या खोलीत लाईट सारखी जाई, आकडे हलत. बाईंनी दादांच्या मागे लागून त्या खोलीसाठी वेगळा जनरेटर घ्यायला लावला. "माप घ्यायचं तर पायाखालची जमीन हलता कामा नये," असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर गावात कितीही अंधार असो, त्या खोलीतला दिवा कधी लुकलुकला नाही. आम्हाला त्याचा फार अभिमान होता.

मग तासगावच्या सुनंदाताईंचा फोन आला. त्यांचं बेदाण्याचं शीतगृह, नवरा गेल्यावर त्या एकट्या चालवत. आमचं यंत्र गारवा ठीक दाखवत होतं आणि आत हिरवागार बेदाणा लाल पडत होता. बिरूसर स्वतः जाऊन यंत्र घेऊन आले आणि रात्रंदिवस त्याच्यापाशी बसले. शेवटी सापडलं ते असं: लाईट जाऊन परत आली की यंत्र नवा आकडा घेतच नव्हतं. जुनाच आकडा दाखवत बसायचं. अशी यंत्रं तासगावपासून आटपाडीपर्यंत कितीतरी शीतगृहांत लागली होती.

बैठक तातडीची बोलावली. पाहुण्यांनी कागद तयारच आणला होता. 'असामान्य वीजपरिस्थितीत किरकोळ विसंगती' अशी भाषा. गाजावाजा न करता यंत्रं एकेक करून दुरुस्त करायची आणि सुनंदाताईंना वेगळं समजवायचं, असा बेत. बाईंनी चष्मा काढला.

"असामान्य म्हणजे काय? तासगावात लाईट जाणं असामान्य आहे?"

दादा खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले.

"आणि विसंगती म्हणजे काय? बिरू, तू सांग."

बिरूसर एरवी बैठकीत अगदी छापील बोलत. त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली. "म्हंजी बाई, आमचं यंत्र खोटं बोललं. लोकांनी आमच्यावर भरवसा ठिवला आन् आमी त्यास्नी झोपीवलं."

 मग दादा म्हणाले, "हेच ल्ह्या. सगळ्यांस्नी कळवा, यंत्रं परत आणा, आन् सुनंदाताईंचं नुकसान भरून द्या." पाहुण्यांनी कागद मिटला. असं जाहीर करायचं असेल तर कुणीतरी जबाबदारी घेऊन जायला हवं, नाहीतर गुंतवणूकदार आपला पैसा काढून घेतील, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची बाईंनाही गरज पडली नाही. सगळे बिरूसरांकडे बघत होते. ते गेले असते तर कंपनी पाहुण्यांच्या हाती जाऊन काही वर्षांत पाट्या बदलून पुण्याला गेली असती, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

"खरं बोलणाऱ्याला काढलंत तर पुढच्या वेळी सांगणार कोण?" बाई म्हणाल्या. "आणि चूक त्याची नाही. जिथं लाईट जात नाही अशा खोलीत हे यंत्र तपासलं गेलं. त्या जनरेटरचा हट्ट माझा. समिती माझी. तेव्हा मी जाते." त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कोरा कागद आहे का गं?"

बिरूसर उठून उभे राहिले. "बाई, आसं करू नगासा."

"खाली बस. तुला यंत्र सुधारायचंय."

बाहेर दिवस मावळून गेला होता. दादांचं जेवण त्या दिवशी राहिलं. ते हात जोडून बसून होते. मी आजवर पुष्कळ राजीनामे नोंदवलेत, पण त्या दिवशी मला अक्षर दिसेना. मी सरळ रडले.

राजीनाम्यावर सही करून निघताना बाईंनी एक काम मागून घेतलं. सुनंदाताईंना सांगायला त्या स्वतः येणार होत्या. दुसऱ्या दिवशी बाई, बिरूसर आणि मी तासगावला गेलो. सुनंदाताई शीतगृहाच्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला बसाही म्हटलं नाही. बाई सगळं बोलल्या, यंत्र कसं चुकलं ते आणि भरपाईचंही. पण सुनंदाताईंचा राग भरपाईवर भागणारा नव्हता. "आवं, शिकल्याली माणसं तुमी! आमच्यात लाईट जाती ह्ये तुमास्नी ठावं न्हाई व्हय? गारीगार खोलीत बसून यंत्रं करताय. तुमचं काय जातंय? माझा नवरा आसता तर तुमास्नी दारात हुबं केलं नसतं!" बाई ऐकत राहिल्या. एका शब्दानं अडवलं नाही.

गाडीत मला राहवलं नाही. "बाई, राजीनाम्याचं निदान सांगायचं तरी."

"कशाला? तिचा राग कमी करायला? तो तिच्या हक्काचा आहे." मग बाहेर बघत म्हणाल्या, "तिला हे सांगायचं नाही कुणी."

पाहुण्यांचा पैसा राहिला. यंत्रं परत आली, सुधारली, पुन्हा लागली. चाचणीच्या खोलीत आता मुद्दाम लाईट घालवतात. बाईंची जागा रिकामी होती. कुणाला घ्यावं, असं बिरूसरांनी त्यांनाच फोन करून विचारलं. "तासगावच्या सुनंदाबाईंना घे," बाई म्हणाल्या.

"बाई, त्या लय चिडल्यात आपल्यावर."

"म्हणून तर."

त्यांना तयार करायला दादांना दोन हेलपाटे घालावे लागले. पहिल्या बैठकीला त्या वेळेआधी येऊन बसल्या. नव्या संचालकाला मागच्या बैठकांची इतिवृत्तं वाचायला द्यावी लागतात, ती मी दिली. बाईंचा शब्द मोडायचा नव्हता, पण कायद्यापुढे माझा इलाज नव्हता. सुनंदाताई बोट ठेवून सावकाश वाचत होत्या. एका पानावर बोट थांबलं.

"सेक्रेटरीबाई, ह्या बाईंनी जागा सोडली, ती आमच्या मालापायी व्हय?"

"हो."

"म्हंजी त्या माझ्या दारात आल्या, तवा सोडून आल्या हुत्या?"

मी मान हलवली. त्यांनी पदर तोंडाला लावला.  मग म्हणाल्या, "लावा फोन त्यास्नी."

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून बाईंचा 'हॅलो' मलाही ऐकू आला. सुनंदाताईंनी आपलं नाव सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आवं बाई, आमच्यात जेवायला कवा येताय?"