कुंदाताईंचा डावा डोळा

कुंदाताईंचा डोळा कारखान्याच्या गुंडांनी फोडला नव्हता.

आपल्याच गावच्या माणसानं मारलेल्या गोट्यानं फोडला होता.

आज पहाटे ताई वर्ध्यात वारल्या. सकाळपासून ग्रुपवर फुलं, मेणबत्त्या, 'नदीची माय' वगैरे सुरू आहे.
बंद करा. आधी खरं ऐका.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. ताई कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या, मी त्यांचा विद्यार्थी. सुट्टी आली की आम्ही धाम नदीचं पाणी बाटल्यांत भरायला जायचो. कारण गावाच्या वरच्या अंगाचा रंगाचा कारखाना आपली ॲसिडच्या सांडपाण्याची टाकी नेमकी सुट्टीलाच नदीत सोडायचा.

कायदा होता. पण आमच्या बाटल्या कायद्याला चालत नव्हत्या. सॅम्पल सरकारी इन्स्पेक्टरनंच घ्यायचं, कारखान्याच्या माणसासमोर, आणि तिथंच सील करायचं.

इन्स्पेक्टर येणार हे कारखान्याला आधीच कळायचं. त्या दिवशी टाकीच्या नळातून तीर्थ वाहायचं!

मग ताईंनी इन्स्पेक्टरला पोळ्याचं जेवायला बोलावलं.
पुरणपोळी खायला येणाऱ्या माणसाची खबर कोण देणार?

आदल्या दिवशी त्या गावात घरोघर फिरल्या. "उद्या बैल नदीवर नेऊ नका. विहिरीवर धुवा."

गावातले सदाशिवकाका हसले. "काऊन वो मॅडम? पोळ्याले बैल नदीवर नाई न्यायचे, त का तुमच्या कॉलेजात न्यायचे?"

मॅनेजर बाहेरचा माणूस. त्याच्या लेखी पोळा म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे रिकामी नदी. त्या सकाळी अख्ख्या गावाचे बैल पाण्यात असतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

टाकी सुटली.

बैल हंबरत नव्हते, किंचाळत होते. पायांची कातडी सोलून निघाली होती. ओठ फुटले होते.
नदीवर कोणाचा घाट कुठला, हे गावानं जातीवरून ठरवलेलं होतं. ॲसिडनं सगळे घाट एक केले.

ताईंनी इन्स्पेक्टरला हातातल्या चहासकट उठवलं. कारखान्यात टाकीच्या नळाशी तो बाटली भरत होता, मॅनेजर समोर उभा होता, आणि मागून गाव आलं. कुऱ्हाडी. काठ्या. रॉकेलचा डबा. चौकीदाराचं डोकं फुटलेलं.

"जाळा साल्यायले! मॅनेजरले जित्ता जाळा!"

ताई गेटमध्ये आडव्या झाल्या.

"पेटवलं त सॅम्पल जळंन! हे सुटतीन, अन् तुम्ही जेलात जासान!"

"बाजूले होय बाई! त्यायचं खाल्लं काय तू?"

आणि गोटा आला.

तो लागल्याचा आवाज कसा होता, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आजही सांगणार नाही.

गर्दी जागच्या जागी थिजली. इन्स्पेक्टर पळायला निघाला. ताईंनी एका हातानं पदर डोळ्यावर दाबला, दुसऱ्या हातानं त्याचं मनगट पकडलं.

"आधी सील."

बाटलीवर लाख पडली. मॅनेजरनं सही केली. मग ताई खाली बसल्या.

त्या एका बाटलीनं कारखान्याला कुलूप लागलं. ग्रुपवरच्या ज्यांनी आयुष्यभर नदीवर परिसंवाद झोडले, त्यांच्याच्यानं ते झालं नाही. हो, तुमचंच बोलतोय!

दवाखान्यात फौजदार आला. "बाई, गोटा कोणी मारला?"

ताई म्हणाल्या, "साहेब, त्या बाजूचं मले आता दिसत नाई."

मी चिडलो. फौजदार गेल्यावर ताईंशी भांडलो. "ताई, तुम्ही त्याला पाहिलंय!"

"पाह्यलं ना. त्याच्या बैलाचे दोन्ही डोळे गेले, बापू. माहा एकच गेला."

मरेपर्यंत नाव सांगितलं नाही. मलाही नाही.

गोटा मारणाऱ्या, तू जिवंत असशील, तर तुझा नातू तुला हे वाचून दाखवेल.

उद्या सकाळी, जिथं बैल भाजले त्याच घाटावर, ताईंना अंत्यसंस्काराला नेतोय.
ये. खांदा दे. कोणी काही विचारणार नाही.

ताई, तुमच्या राहिलेल्या डोळ्याला अखेरचा नमस्कार. निवांत झोपा.