नामदेवचा दात आणि साहेबांचं इंग्रजी

मी न् माझा चुलतभाऊ नामदेव धावड्याहून जालन्याला निघालो, तेव्हा एस.टी.वर पोचवायला निम्मं गाव आल्तं. निम्मं म्हणजे अकरा माणसं अन् एक बैल. नामदेवची आई, माझी काकू, मला म्हणाली, "तुझं तोंड चालतं, त्याचं न्हाई. संभाळ त्याला."

बियाण्याच्या कारखान्यात लागलो. ज्वारी वाळली का ओली, हे आमच्याकडं सगळेच दाणा चावून बघतात. पण मी साहेबांना सांगितलं, "ह्यो दाणा चावला की कुणाचं वावर ते तर सांगतोच, पेरणाराचं बायकोशी भांडण झाल्तं का, तेबी सांगतो." साहेब खूश. मंग कुणी पाहुणा आला की आमचा खेळ ठरलेला. मी बोलायचो, नामदेव चावायचा.

साहेब मुंबईचे. काही बिघडलं की म्हणायचे, 'लिव्ह अँड लर्न'. पोतं फाटलं, तरी तेच. हमालाचं बोट मशीनच्या पट्ट्यात गेलं, तरी तेच. कारकुनानं अर्थ सांगितला, जगायचं अन् शिकायचं. हळूच म्हणाला, "हे माणूस स्वतःच्या चुकीवर म्हणतो. आपले साहेब दुसऱ्याच्या जखमेवर म्हणून राह्यले."

पेरणीच्या बियाण्याला किडीचं लाल औषध लावायचे. पोत्यावरची सूचना इंग्रजीत. मी ठरवून टाकलं, रंग नुसता दिसायला असतो.

"दादा, हे लाल चावू का?" नामदेवनं विचारलं.

"चाव की. पाहुणे खोळंबलेत."

साहेबांना इंग्रजी वाचता येत होतं. ते बघत राह्यले. अख्खा हंगाम तो लाल दाणे चावत राह्यला.

दिवाळीपर्यंत त्याचे हात इतके थरथरायला लागले की बशी ओठाशी येईस्तोवर चहा सांडून जायचा. हे मी बिलकुल वाढवून सांगत न्हाई. डॉक्टर म्हणाले, औषध अंगात भिनलंय, हात पहिल्यासारखे व्हायचे न्हाईत. साहेबांनी त्याचा हिशेब चुकता करून कामावरनं काढलं, पाठीवर थाप मारली अन् आपलं नेहमीचं इंग्रजी बोलले.

"काय म्हणले?" नामदेवनं मला विचारलं.

"म्हणले, बरा झाला की ये."

माझ्या सगळ्या थापांत ही सगळ्यात छोटी. त्यानं ती खरी धरली. गावी बसून दोन हंगाम बोलावण्याची वाट बघितली. मी तोवर मुकादम झाल्तो.

गावात राह्यलेल्यांनो, अन् माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुम्ही विचारता, गावाकडं येतो का न्हाई. येतो. स्टँडवर उतरलो की सरळ रस्ता सोडून बांधाबांधानं घरी जातो. नामदेवचं दार चुकवून जेवढी वाट उरते, तेवढंच आता माझं गाव.